पेंडिंग काय?

मागच्या पावसाळ्यात सात नंबरची आजी 23 दिवस आमच्या घरी होती. म्हणजे ती होती हॉस्पिटलमध्ये, माझ्या वॉर्डात, खिडकीकडच्या कॉटवर, साखरेमुळे पायाची जखम चिघळलेली, पण घरी रोज तिचा विषय निघायचाच. मी चप्पल काढत असतानाच नवरा विचारायचा, "सात नंबर कशीये?" आणि मग मी सांगायचे की आज अर्धी वाटी पेज खाल्ली, ड्रेसिंगच्या वेळी ओरडली नाही, संध्याकाळी सुनेवर चिडली, म्हणजे अंगात ताकद येतेय. त्याने तिला कधी पाहिलं नाही. तिचं नावही त्याला माहीत नाही कारण पेशंटचं नाव मी घरी सांगत नाही, नोकरीला लागले तेव्हापासून पाळलंय ते, आमच्या घरी फक्त बेड नंबर येतात. तर एक दिवस तो ड्युटीवरून आला, मी आधीच आले होते, कुकर लावत होते, त्याने दारातूनच विचारलं, "सात नंबर?" मी म्हटलं, "डिस्चार्ज झाला आज. वॉकर धरून लिफ्टपर्यंत स्वतःच्या पायाने गेली." तो खुर्चीत बसला, बूट काढले, म्हणाला, "चला, बरं झालं." आणि पाणी प्यायला.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण हे एवढं साधं 'बरं झालं' आमच्या घरात यायला लग्नानंतर 10-12 वर्षं गेली, आणि ती वर्षं कशी गेली हे कधीतरी नीट लिहायचं डोक्यात होतं.

मी स्टाफ नर्स. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून लागले त्याला आता 24 वर्षं झाली. नवरा लोकलचा मोटरमन. आम्ही डोंबिवलीत राहतो. फ्रिजवर एक कॅलेंडर आहे, त्यावर माझी मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट लाल पेनाने आणि त्याची ड्युटी निळ्या पेनाने. माझी तरी तीन शिफ्टमध्ये बसते, त्याची तशी नाही, आज पहाटे साडेतीनला उठून जायचं, उद्या दुपारी, परवा रात्रीची गाडी घेऊन गेला की तिकडेच रनिंग रूमला झोपायचं आणि पहाटेची गाडी घेऊन यायचं. आठवड्यात दोघं घरी आणि दोघं जागे असे तास मी एकदा मोजले होते, 14 भरले. त्यात लेकीची फी, सासूबाईंच्या गोळ्या, गॅस, सोसायटीची मीटिंग, कोणाचं तरी लग्न. मग त्यात नोकरीबद्दल कधी बोलायचं आणि किती बोलायचं, आणि मुळात का बोलायचं? घरी आलं की कामाचा विषय नको असं म्हणणारी खूप जोडपी मला माहितीयेत. आम्हीही काही वर्षं तसंच म्हणत होतो.

आमच्या घरात, म्हणजे माहेरी, तर हे बोलणं नव्हतंच. वडील गिरणीत होते, लालबागला, विणाई खात्यात. तिथे मागांचा आवाज इतका की शेजारच्याशी बोलायचं तर हातवारे आणि ओठांकडे बघून, त्यामुळे घरी आल्यावरही त्यांचा आवाज चढलेलाच असायचा आणि आपण काय बोलतोय ते त्यांना अर्धंच ऐकू यायचं. आईला त्यांच्या कामातलं काय माहीत होतं? पाळी कुठली, पगार कधी, आणि भोंगा किती वाजता. बस. आणि आई स्वतः खानावळ चालवायची. गिरणगावात तेव्हा घरोघरी होत्या खानावळी, गावाकडून एकटे आलेले कामगार महिन्याच्या बोलीवर जेवायला यायचे, आमच्याकडे 11 जण होते, सकाळ-संध्याकाळ भाकऱ्या थापायच्या, रेशन उधारीवर आणायचं, पगार झाला की पैसे मागायचे. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, सावकाराच्या तावडीतून सुटून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. म्हणजे खरं तर आई-वडील दोघं कमावतं जोडपंच होतं. पण वडिलांनी आईला कधी विचारल्याचं तिला आठवत नाही की कोणी पैसे बुडवले का, पाठ दुखतेय का. आणि तिनेही कधी विचारलं नाही की माग म्हणजे नक्की काय असतं.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, मी तेव्हा शाळेतही जात नव्हते, हे सगळं आईकडून ऐकलेलं. आई म्हणायची, "किती दिवस चालणार विचारलं की बघू म्हणायचे. सहा महिन्यांनीही बघूच." खानावळीतले 11 जण एकेक करून गावी गेले, कोणाचे दोन महिन्यांचे राहिले, कोणाचे तीन. दोघांचंही काम एकाच वेळी बुडालं आणि दोघं त्याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, कारण बोलायची सवयच नव्हती. वडील गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी टीव्हीवर कुठल्यातरी कार्यक्रमात जुने माग चालू असलेले दाखवत होते, आई भाजी निवडत होती, ती थांबली आणि बघतच राहिली. म्हणाली, "एवढा आवाज करतं होय हे?" मग थोड्या वेळाने, "मला वाटायचं मुद्दाम ओरडतात." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांचा संसार, आणि नवरा का ओरडून बोलतो ते तिला टीव्हीने सांगितलं.

आमचं लग्न 2003 चं. नवरा तेव्हा मालगाडीवर असिस्टंट होता, बरीच ड्युटी घाटात, कसारा ते इगतपुरी. तो चढ 1 ला 37 आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर, गाडीला हे फार असतं, म्हणून कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावतात, ती ढकलत वर नेतात. हे मला तेव्हाच पाठ झालं कारण तेव्हा तो भरभरून बोलायचा. इंजिनात दोघं असतात, पायलट आणि असिस्टंट, आणि सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं, हा नियम आहे. "होम, डबल यलो!" "होम, डबल यलो!" दोघांनाही दिसत असलं तरी म्हणायचंच, कारण डोळा चुकू शकतो, झोप येऊ शकते, दुसऱ्याच्या तोंडून आलं की खात्री. मला ते इतकं आवडलं होतं. स्कूटरवर मागे बसून मी पण करायचे, चौकात लाल लागला की तो म्हणायचा "रेड!" आणि मी मागून "रेड!"

मग भांडणं कशावरून सुरू झाली? मी माझं सांगायला लागले तेव्हापासून. एका नाईटची गोष्ट. वॉर्डात 40 च्या वर पेशंट, सिस्टर मी एकटी, एक मावशी. पहाटे दोन पेशंट एकाच वेळी बिघडले, एकाकडे मी सीपीआर देतेय, दुसऱ्याचे नातेवाईक माझा हात ओढतायत. पहिला वाचला नाही. त्याच्या मुलाने सगळ्यांसमोर मला नको ते बोललं, आणि मी ऐकून घेतलं कारण त्याचा बाप गेला होता. सकाळी घरी आले, अजून हात थरथरत होते, नवऱ्याला सगळं सांगितलं. तो नीट ऐकत होता, आणि शेवटी म्हणाला, "मग तुम्ही लेखी का देत नाही? स्टाफ कमी आहे म्हणून सगळ्यांनी सह्या करून द्यायचं."

त्याचं चुकीचं काहीच नव्हतं. नंतर आम्ही दिलं पण तसं पत्र. पण त्या सकाळी मला पत्र नको होतं. मला कोणीतरी म्हणायला हवं होतं की दोन माणसं होती आणि तू एक होतीस. मी उठून आंघोळीला गेले आणि नळ सोडून रडले. त्याला कळलंच नाही काय झालं, त्याला वाटलं मी त्याच्यावर चिडले कारण त्याने उपाय नीट सांगितला नाही, म्हणून पुढच्या वेळी त्याने अजून जास्त उपाय सांगितले. असं तीन-चार वर्षं चाललं. मग मी सांगणं बंद केलं. कसं होतं आज, बरं होतं. जेवलीस का, जेवले.

आणि माझीही चूक तेवढीच होती, कदाचित जास्त. एकदा तो सहज म्हणाला की आज डुलकी आल्यासारखं झालं, सिग्नल जरा उशिरा दिसला, पण वेळेत थांबलो. मी घाबरले. लाल सिग्नल पार होणं हा त्यांच्यात सगळ्यात मोठा गुन्हा, गाडी हातातून काढून घेतात, आणि त्याहून मोठं म्हणजे जीव. मी इतकी घाबरले की ओरडायलाच लागले, लक्ष कुठे होतं तुझं, रात्री मोबाईल बघत बसतोस, आपल्याला एक मुलगी आहे. तो गप्प झाला, आणि त्यानंतर तसं काही त्याने मला सांगितलं नाही. सांगितलेलं ऐकून जर समोरच्याला आपणच सांभाळायला लागणार असेल तर माणूस कशाला सांगेल? नर्स असून मला हे कळलं नाही. पेशंट रात्री दोनला म्हणाला की सिस्टर मला भीती वाटते, तर मी त्याच्यावर ओरडते का? घरी ओरडले.

2011 ला तो मोटरमन झाला. घरात पेढे वाटले, सासूबाईंनी सगळ्या नातेवाईकांना फोन केले. माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही की आता तो एकटा झाला. लोकलच्या कॅबमध्ये मोटरमन एकटाच असतो, शेजारी परत म्हणणारा कोणी नाही. गार्ड शेवटच्या डब्यात, म्हणजे 12 डब्यांची गाडी धरली तर अडीचशे मीटर मागे. (2022 पासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमच्या घरात अजून गार्डच.) दोघांचं बोलणं मुख्यतः घंटीवर, दोन घंट्या म्हणजे निघ, एक घंटी म्हणजे थांब. पूर्ण गाडीत हजारो माणसं, एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलेली, भजन म्हणणारी, भांडणारी, आणि सगळ्यात पुढे एक माणूस काचेतून रुळांकडे बघत गप्प बसलेला. हा गप्पपणा तो घरी घेऊन यायला लागला.

त्याच्या हाताची एक गोष्ट सांगते. मोटरमनचं जे मुख्य हॅण्डल असतं ते गाडी चालू असताना सतत दाबून धरावं लागतं, त्याला डेडमॅन हॅण्डल म्हणतात, कारण माणसाला काही झालं, हात सुटला, तर ब्रेक आपोआप लागावेत. तर हा जेवायला बसला की रिकामा हात टेबलाच्या कडेवर असायचा आणि तळव्याने कड दाबलेली असायची, इतकी की नखं पांढरी पडायची. मी आधी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण बघितलं नव्हतं. पेशंटची नखं पांढरी दिसली तर मी लगेच बोट धरून बघते.

मग 2014 च्या हिवाळ्यात आमच्याकडे अकरा नंबरला एक मुलगा ॲडमिट झाला. केस पेपरवर 'अननोन, रेल्वे ॲक्सिडेंट'. असे आमच्याकडे येत असतात, मुंबईत लोकलच्या रुळांवर काय होतं हे सगळ्यांना माहितीये, 2023 या एका वर्षात अडीच हजारांवर माणसं गेली, रूळ ओलांडताना, दारातून पडून, आणि जे वाचतात ते आमच्यासारख्या वॉर्डांत येतात. या मुलाचा एक पाय गुडघ्याखाली गेला होता. मी जेवताना सहज बोलून गेले की आज एक पोरगा आलाय, विशीतला असेल, अजून नाव पण कळलं नाही. नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने विचारलं, "कुठल्या स्टेशनला?" मी सांगितलं. मग विचारलं, "किती वाजता?" मला वाटलं रेल्वेतला माणूस, म्हणून विचारतोय. मी सांगितलं सकाळी साडेसात-आठ. त्याने मान हलवली आणि ताट बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी घरी आल्या आल्या त्याने विचारलं, "अकरा नंबर कसाय?"

लग्नाला 11 वर्षं झाली होती आणि माझ्या पेशंटबद्दल स्वतःहून त्याने पहिल्यांदा विचारलं. तिसऱ्या दिवशी परत. ताप आला का. शुद्धीवर आहे का. नाव सांगितलं का त्याने. घरचे आले का. मी रोज सांगत होते आणि रोज मला काहीतरी टोचत होतं, पण विचारायला धीर होत नव्हता. पाचव्या-सहाव्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर हा गॅलरीत उभा, अंगावर शाल नाही काही नाही. मी शेजारी जाऊन उभी राहिले. खूप वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझा दोन आठवड्यांपूर्वीचा. त्याचं काय झालं मला माहीत नाही."

गाडीखाली माणूस आला की रनओव्हर म्हणतात त्यांच्यात. मला तो शब्द माहीत होता, पण तो त्याच्याही बाबतीत होत असेल हे मी कधी मनात आणलंच नव्हतं, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती मोटरमन होऊन. तो सांगायला लागला. वळणावर होता. निळा शर्ट होता. हॉर्न दिला, त्याने वर बघितलं. ब्रेक लावला की गाडी थांबत नाही, थांबायला सुरुवात होते, काहीशे मीटर जातातच, आणि तेवढ्या वेळात आपल्याला सगळं दिसत असतं आणि करण्यासारखं काही उरलेलं नसतं. मग गार्डला कळवायचं, कंट्रोलला कळवायचं, माणसं येतात, उचलून बाजूला करतात, आणि मागे गाड्या खोळंबलेल्या असतात म्हणून गाडी पुढे न्यायची. जगला की गेला ते कळतच नाही कधी कधी. पुढच्या स्टेशनवर लोक घड्याळ दाखवतात की उशीर झाला.

माझ्या तोंडावर आलं होतं की यात तुझी काय चूक. ते खरंच होतं. पण ते म्हटलं असतं तर विषय संपला असता. त्याऐवजी काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही, मी त्याचंच परत म्हणायला लागले. तो म्हणाला, "निळा शर्ट होता." मी म्हटलं, "निळा शर्ट होता." तो म्हणाला, "वर बघितलं त्याने." मी म्हटलं, "वर बघितलं." आमच्याकडेही हे असतं, डॉक्टरने फोनवर ऑर्डर दिली तर ती आपण जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची, औषध, डोस, वेळ, मग त्याने हो म्हटलं की लिहायची. कदाचित ती सवय असेल. कदाचित स्कूटरवरचं 'रेड' आठवलं असेल. तो रडला. मी त्याला तोपर्यंत रडताना बघितलं नव्हतं, सासरे गेले तेव्हाही नाही. पहाटे दूधवाला आला तेव्हा आम्ही गॅलरीतच होतो.

अकरा नंबरचं नाव चौथ्या दिवशीच कळलं होतं, घरचेही आले होते. महिन्याभराने तो गेला घरी, कुबड्या घेऊन, जयपूर फूटसाठी पुढे कुठे जायचं त्याचा कागद घेऊन. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं." ते पहिलं.

त्यानंतर आमच्या घरात हळूहळू एक पद्धत पडली, ठरवून नाही. नर्सिंगमध्ये शिफ्ट बदलताना 'ओव्हर' देतात. जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला घेऊन प्रत्येक बेडपाशी जाते आणि सांगते, याचं सलाईन चालू आहे, याचा रिपोर्ट यायचाय, हिला उद्या ऑपरेशन आहे, रात्री बारानंतर काही द्यायचं नाही. येणारीने तेव्हा सल्ला द्यायचा नसतो आणि तू हे असं का केलंस म्हणून भांडायचंही नसतं, ते नंतर. तिने ऐकायचं, बघायचं, आणि विचारायचं, "पेंडिंग काय?" हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण झालेलं वहीत असतं, पण राहिलेलं जाणारीच्या डोक्यात असतं, आणि ते ती आपल्याला देऊन गेली तरच तिला रात्री झोप लागते. मला कितीतरी वेळा घरी आल्यावर आठवलंय की अमक्याचं सांगायचं राहिलं आणि मी परत फोन केलाय वॉर्डात.

तर आता आम्ही घरी तेच विचारतो. कसा होता दिवस असं विचारलं की माणूस बरा होता म्हणतो, दुसरं काय म्हणणार. पेंडिंग काय विचारलं की खरं ते बाहेर येतं. तो म्हणतो, "त्या वळणावर परत जायचंय उद्या." मी म्हणते, "नवीन मुलगी आलीये स्टाफला, तिला मी फार बोलले आज, सॉरी म्हणायचं राहिलंय." त्यावर दुसऱ्याने काही करायचं नसतं. चहा करायचा असतो. आणि आल्या आल्या पण नाही विचारायचं, हे शिकायला वेळ लागला. तो आला की त्याला 20 मिनिटं तरी एकटं बसायला लागतं, डोळे मिटून, कारण सहा-सात तास डोळे ताणलेले असतात. मला मात्र आल्या आल्या बोलायला लागतं, नाहीतर मी भांड्यांवर काढते. मग मी आधी सासूबाईंशी बोलते, त्यांना ते आवडतं, आणि याचा चहा होईपर्यंत माझं निम्मं हलकं झालेलं असतं.

एक गोष्ट मात्र अजूनही अधूनमधून होते, थकण्याची बरोबरी. मी म्हटलं पाय दुखतायत की तो म्हणणार, माझी तर पाठ. तो म्हणाला तीन तास झोप झाली की मी म्हणणार, मी तर नाईट करून आलेय. हे इतकं पटकन होतं की कळत नाही, आणि दोघांनाही एकदम एकटं वाटायला लागतं. मला वाटतं नोकरी करणाऱ्या जोडप्यांमधलं सगळ्यात वाईट बोलणं हेच, पैशावरच्या भांडणापेक्षाही वाईट. कोण जास्त दमलं हे ठरलं तरी मिळणार काय? जो हरला त्याचे पाय दुखायचे थोडेच थांबणार आहेत. आता आमच्यातलं कोणी असं सुरू केलं की लेक आतून ओरडते, "एक घंटी!" आणि आम्ही थांबतो.

माझी धाकटी बहीण आणि तिचा नवरा पुण्यात, दोघं आयटीत, हिंजवडीला. लॉकडाऊनमध्ये दोघं एकाच डायनिंग टेबलाच्या दोन टोकांना लॅपटॉप लावून बसायचे. ती मला म्हणाली होती, "ताई, मी याचा ऑफिसचा आवाज पहिल्यांदा ऐकला. हा त्याच्या टीममधल्या मुलांशी इतका हळू बोलतो, मला माहीतच नव्हतं." ते ऐकून मला आई आठवली होती आणि तिने टीव्हीवर बघितलेले माग. आणि चुलत दीर-जाऊ दोघं जिल्हा परिषदेचे शिक्षक, त्यांचं तर वेगळंच. सुरुवातीची काही वर्षं दोघांच्या शाळा वेगवेगळ्या तालुक्यांत, दोघांच्या शाळांत 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर पती-पत्नी एकत्रीकरणात बदलीसाठी अर्ज करता येतो, तो करून करून एकदाचे जवळ आले. आता जाऊ म्हणते की आमच्यात दुसरा विषयच नाही, पोषण आहाराचा तांदूळ, ऑनलाईन माहिती भरणं, कोणता मुलगा गैरहजर. लांब होते तेव्हा फोनवर घरातलं बोलायचे, जवळ आल्यावर शाळेचं. पण तिने सांगताना तक्रार केल्यासारखं सांगितलं नाही. ती म्हणाली, "माझ्या वर्गातल्या पोरांची नावं त्याला पाठ आहेत."

कोरोनात आम्हा दोघांचं बोलणं तीन महिने दाराआडून होतं. लोकल बंद झाली 22 मार्च 2020 च्या रात्री, तो घरी आणि मी रोज बसने ड्युटीवर, आल्यावर आतल्या खोलीत वेगळी. तो दाराबाहेर स्टूल घेऊन बसायचा. मी आतून सांगायचे, किती आले, किती गेले, पीपीई घालून आठ तास पाणी प्यायला मिळालं नाही. तो परत म्हणायचा. एकदाही म्हणाला नाही की सोड नोकरी, सासूबाई म्हणाल्या, माझी आई म्हणाली, तो नाही म्हणाला. 15 जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल परत सुरू झाली, 1200 जण बसू शकतील अशा गाडीत 700 जणच घ्यायचे असं ठरलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी असं जुळून आलं की माझ्या मॉर्निंगला जी गाडी होती ती त्याचीच होती. मी लेडीज डब्यात खिडकीत बसले, आजूबाजूला सगळ्या सिस्टर, आया, पालिकेच्या सफाईच्या बायका, कोणी बोलत नव्हतं. आणि मला पहिल्यांदा गाडीचा प्रत्येक ब्रेक अंगात जाणवत होता, आता हात असा असेल, आता असा. ते वळण आलं. मी डोळे मिटून मनात म्हटलं, क्लिअर. उतरल्यावर मुद्दाम पुढे चालत गेले, कॅबपर्यंत. त्याने काचेतून बघितलं, मास्कमुळे तोंड दिसत नव्हतं, फक्त हात वर केला. दोन घंट्या झाल्या, गाडी गेली.

त्या रात्री त्याने मला दाराबाहेरून विचारलं, "झटका बसला का कुठे?" मी म्हटलं, "नाही. छान आणलीस."

नोकरीला 24 वर्षं झाली, पण माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं माझ्याशी घराबाहेरचं कोणी बोललेलं नाही, आणि त्याच्याशीही मला वाटतं नाही. साहेब लोक चूक झाली की बोलतात. गाडी नीट आली तर प्रवासी उतरून चालायला लागतात, पेशंट बरा झाला तर घरी जातो, आणि तसंच व्हायला हवं. पण कोणीतरी एकाला माहीत असायला हवं की ती गाडी थांबवायला हात कसा लागतो, ती शीर सापडायला किती वेळ लागला. आम्हाला त्यासाठी एकमेकांचे शब्द शिकायला लागले. त्याला आता सोडियम कमी झालं की पेशंट बडबडतो हे माहितीये. मला स्पेअर, म्हणजे गरज पडली तर गाडी घ्यायला तयार राहायचं, आणि रेस्ट, म्हणजे सुट्टी, यातला फरक माहितीये, पावसात रूळ ओले असले की ब्रेक कुठून घ्यायला सुरुवात करायची ते माहितीये.

आज मला नाईट आहे. त्याला रेस्ट, म्हणून डबा त्याने भरलाय, मेथीची भाजी आणि तीन पोळ्या, वर एक चमचा जास्तीचा कारण मी नेहमी विसरते. चार नंबरच्या काकांचं सोडियम दुपारी 118 आलं होतं, म्हणजे फारच कमी, रात्रीचा रिपोर्ट अकरापर्यंत येईल. तो झोपायच्या आधी विचारणारच, म्हणून फोन खिशात वर ठेवलाय.